चालू कामाचे आभार

"चहा फार छान झालाय. मनापासून आभार," असं पाळक सुनिल ओहोळ सकाळी स्वयंपाकघरात बायकोला म्हणाले, तेव्हा प्राजक्ताने आधी गॅस बंद केला. मग पदराला हात पुसले आणि नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून पाहिला.

"ताप तर नाहीये."

"अगं, ताप कशाला असेल?"

"मग नरपडला जाऊन डॉक्टरला दाखवून आलात का? काय निघालं? खरं सांगा, मी घाबरणार नाही." हे म्हणताना ती चांगलीच घाबरलेली होती.

तिचंही चुकत नव्हतं. या घरात चहाबद्दल आजवर एकच वाक्य बोललं गेलं होतं, ते म्हणजे "साखर कमी आहे." आणि तेही कमी असेल तरच. बरोबर असेल तर कप रिकामा होऊन परत येई, एवढीच पावती.

"मी शिबिराला गेलो होतो ना," सुनिल म्हणाले, "तिथे मला माझी चूक कळली. आता मी बदलणार आहे."

"कितपत?" प्राजक्ताने काळजीने विचारलं.

शिबिर नरपडला चिकूच्या एका वाडीत भरलं होतं. २०१७ सालचा ऑक्टोबर. जिल्ह्यातले पाळक गोळा झाले होते आणि पुण्याहून आलेले एक टाय लावलेले गृहस्थ 'कृतज्ञ पुढारी' या विषयावर बोलत होते. प्रभूने भाकर मोडण्याआधी आभार मानले, आणि तुम्ही भाकर खाऊन ढेकर दिल्यावरही मानत नाही, असं ते म्हणाले तेव्हा सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं, "गेल्या आठवड्यात मंडळीतल्या कोणाचे आभार मानलेत, ते शेजारच्याला सांगा." सुनिलच्या शेजारी पालघरकडचे एक पाळक होते. ते बोलायला लागले ते थांबेचनात. सुनिलची पाळी आली तेव्हा त्यांनी बराच विचार केला.

"मी देवाचे मानले," ते शेवटी म्हणाले.

"देव सोडून?"

देव सोडून कोणीच आठवेना.

सुनिल ओहोळ माणूस वाईट नव्हते. मूळचे नगरकडचे, पण तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या भेंडीपाड्यात येऊन त्यांनी पुष्कळ केलं होतं. गळकं चर्च पत्र्याचं करून घेतलं, आवारात हातपंप आणला, पाड्यावरच्या कितीतरी मुलांना डहाणूच्या शाळेत घातलं. अंगात जोर होता आणि डोक्यात सतत पुढचं काम. फक्त त्यांच्या तोंडची सगळी क्रियापदं आज्ञार्थी असत. आण, ने, धर, सोड, उद्या लवकर ये. माणूस समोर दिसला की त्यांना आधी त्याच्या हातून होणारं काम दिसे, माणूस नंतर दिसे. नरपडहून परतताना बसमध्ये हे त्यांच्या एकदम लक्षात आलं आणि फार लागलं. आणि सुनिलना एखादी गोष्ट लागली की ती दुसऱ्या दिवशी अमलात येई.

दुसऱ्या दिवशी ते तलासरीच्या बाजारात एका गुजराती शेठच्या कापडाच्या दुकानात उभे होते.

"शाली दाखवा, शेठ. सत्काराच्या."

"रिटायरमेंट छे?" शेठने विचारलं.

"नाही हो. सत्कार आहे."

"केटला जण?"

"बरेच आहेत. गठ्ठाच द्या."

"अरे वाह," शेठ गठ्ठा सोडत म्हणाला, "आखी ऑफिस रिटायर थाय छे!"

सुनिल मनापासून हसले. दुकानदार विनोदी होता, एवढंच त्यांना वाटलं.

पहिला मान काकड्याचा, यात शंकाच नव्हती. चर्चच्या आवारातल्या आंब्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच भेंडीपाड्याची घंटा. रविवारी उजाडलं की काकड्या ती वाजवी आणि डोंगराच्या अंगापर्यंत लोक अंघोळीला उठत. दार उघडायचं, झाडायचं, सतरंज्या घालायच्या, दानाची थैली फिरवायची, पुन्हा सगळं आवरून कुलूप लावायचं, हे सारं काकड्या करी. सुनिल भेंडीपाड्याला आले त्याच्या आधीपासून करत होता.

त्या रविवारी उपदेश संपल्यावर सुनिलनी त्याला पुढे बोलावलं. काकड्याला वाटलं, पंखा बंद करायचाय. तो पंख्याच्या बटणाकडे निघाला, त्याला वळवून आणावं लागलं.

"काकड्याभाऊंनी," सुनिलनी भरल्या आवाजात सुरुवात केली, "इतकी वर्षं या मंडळीची जी सेवा केली, ती मंडळी कधीही विसरणार नाही. त्यांचे उपकार मोठे आहेत. आज मी सगळ्यांच्या वतीने त्यांचे आभार मानतो. देव त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला सुखात ठेवो."

मग शाल खांद्यावर आली, हातात नारळ आला. चर्चमध्ये कोणी हललं नाही. काकड्याने एकदा शालीकडे पाहिलं, एकदा नारळाकडे, एकदा पाळकांकडे, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.  मागच्या सतरंजीवर बसलेली म्हातारी बायजी जीभ चुकचुकवत म्हणाली, "अरेरे."

सुनिलचेही डोळे भरून आले. एका शालीने माणूस इतका हलतो, तर आपण इतकी वर्षं काय केलं, असं त्यांना वाटलं. उपासनेनंतर व्यासपीठावर चर्चची किल्ली पडलेली दिसली. आनंदाच्या भरात विसरला बिचारा, असं म्हणून त्यांनी ती खिशात टाकली.

पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही.

सुनिलनी थोडी वाट पाहिली, मग स्वतःच किल्ली घेऊन निघाले. दार उघडलं, सतरंज्या ओढल्या, त्यांतून उडालेल्या धुळीने शिंकत शिंकत आंब्याखाली जाऊन रुळावर हातोडा हाणला. पहिला टोला रुळावर बसला, दुसरा अंगठ्यावर. लोक फार उशिरा, एकेकटे आले.

"घंटा ऐकली नाही का?" त्यांनी ढोलकी वाजवणाऱ्या शुक्राला विचारलं.

"ऐकली ना. वाटलं कोणाचा ट्रॅक्टर बिघडला."

काकड्या मात्र आला होता. स्वच्छ अंघोळ करून, ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात खांद्यावर शाल घेऊन, मागे म्हाताऱ्यांच्या रांगेत मांडी घालून बसला होता. दानाची वेळ झाली तेव्हा सुनिलनी त्याला खूण केली. काकड्याने बसल्या जागी हात जोडले. शेवटी थैली सुनिलनीच फिरवली, आणि फिरवता फिरवता स्तोत्राचं दुसरं कडवं विसरले.

"काकड्याभाऊ, बरं आहे ना?" उपासना सुटल्यावर त्यांनी विचारलं.

"बरं हाय, साहेब. देवाची इच्छा."

"आज घंटा नाही वाजवलीत ती?"

"आता कोणी तरणा वाजवील. आमचं झालं," काकड्या म्हणाला आणि शाल सावरत घाईघाईने पायऱ्या उतरून गेला.

"किती ही नम्रता," सुनिल प्राजक्ताला म्हणाले.

"मला ती नम्रता वाटत नाही," प्राजक्ता म्हणाली. "त्यांचा चेहरा पाहिलात का?"

चेहऱ्याचा अर्थ लावायला पंच कमिटीचा सेक्रेटरी नितीन पुढे आला. नितीन तलासरीला मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच्याकडे तयार असे.

"साहेब, मी सांगतो काय झालं ते. तुम्ही एकट्याचा सत्कार केलात. बाकीचे जळले. त्यांनी त्याला टोमणे मारले असणार. म्हणून तो मागे बसतो."

"मग काय करायचं?"

"सगळ्यांचा करून टाका. एकदम. कोणाला बोलायला जागाच नको."

हे सुनिलना पटलं. कापणीचा सण तोंडावर होता. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. नवीन भात, नाचणी, भोपळे, कोंबड्या, ज्याच्या शेतात-परसात जे पिकलं ते लोक देवापुढे आणत आणि मग सगळा पाडा पंगतीला बसे. यंदा डहाणूहून सगळ्या पाळकांच्या वरचे अधीक्षक साहेब येणार होते. त्याआधी मंडळीत कोणाचं मन दुखावलेलं राहू नये, म्हणून पुढच्याच रविवारी त्यांनी गठ्ठा फोडला.

आधी लाडकीला बोलावलं. सणाचा सगळा स्वयंपाक तिच्या हाताखाली होई. तिने डोळे वटारले की चूलसुद्धा धूर आवरता घेई, असं बायका म्हणत. "लाडकीबाईंच्या हातचं अन्न आम्ही कधी विसरणार नाही," सुनिल म्हणाले. शाल अंगावर पडताच लाडकीने असा हंबरडा फोडला की बाहेर बांधलेला बैल दावं तोडून पळाला. तिला पाहून इतर बायका रडायला लागल्या. मग शुक्राला बोलावलं. "त्यांच्या ढोलकीचा नाद आमच्या कानांत कायम राहील." शुक्रा रडला नाही. तो ढोलकी उचलून सरळ घरी निघून गेला. हातपंपावरून पाणी भरणाऱ्या बायका झाल्या, फुलं लावणाऱ्या मुली झाल्या, आणि एक शाल उरली.

"आणि आपले नितीन!" सुनिल उत्साहात म्हणाले.

नितीनचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, माझं पण?" तो पुटपुटला. "मी काय केलं?"

"तुम्ही काय नाही केलंत!" म्हणत सुनिलनी त्याला शालीत गुंडाळलं.

चर्चमध्ये आता कोरड्या डोळ्यांचं माणूस उरलं नव्हतं. सुनिलनी डोळे मिटून प्रार्थना केली. मंडळी अशी भरून आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. शेजारी उभ्या प्राजक्तानेही नव्हती पाहिली, आणि म्हणूनच तिने डोळे मिटले नव्हते.

"अहो," घरी आल्यावर ती म्हणाली, "हे रडणं आनंदाचं नाही हो."

"मग कशाचं?"

"ते कळत नाहीये. पण आमच्याकडे मयताला असं रडतात."

सणाच्या आठवड्यात कोणीच फिरकलं नाही. दर वर्षी गुरुवारपासून आवारात झुंबड असे. कोणी सारवतंय, कोणी आंब्याची तोरणं बांधतंय, लाडकी तांदूळ निवडणाऱ्यांवर ओरडतेय. यंदा हातपंपाशी एक कुत्रं झोपलं होतं. सुनिल घरोघर निरोप देऊन आले. सगळे "हो साहेब, हो साहेब" म्हणाले, मान खाली घालून. आलं कोणी नाही. नितीनचा फोन लागला, तर तो "बघू आता, ज्यांचं काम हाय ते करतील" म्हणाला आणि रेंज गेली.

"शाली डोक्यात गेल्या," सुनिल वैतागून म्हणाले. "माणसाला मान दिला की काम नकोसं होतं. पुण्याच्या त्या साहेबांना इथे आणून झाडायला लावलं पाहिजे."

मग नवरा-बायको कामाला लागली. सुनिल झाडायला लागले तेव्हा त्यांना कळलं की चर्चला इतके कोपरे आहेत. छताखालचं गांधीलमाश्यांचं पोळं त्यांनी काठीने ढोसलं आणि नंतर आवाराला एक फेरी मारून आले, बरीच वेगात. हातपंपाची पाचवी कळशी उचलताना कमरेत काहीतरी कडकन वाजलं. उजवा गाल सुजलेला, डाव्या अंगठ्याला पट्टी, एक हात कमरेवर, असे ते शनिवारी सकाळी पायरीवर बसलेले असताना लक्ष्या बैलगाडीतून भांडी घेऊन आला.

लक्ष्या मंडळीतला नव्हता. पलीकडच्या पाड्यावर राहायचा, हिरवा नि वाघ्या या देवांना मानायचा. पण लग्नाकार्याची मोठी पातेली साऱ्या भागात त्याच्याकडेच होती आणि कापणीच्या सणाला ती दर वर्षी न बोलावता येत. आज मात्र तो गाडीतून उतरला नाही. दुरूनच म्हणाला,

"साहेब, भांडी उतरवून घ्या. पण एक सांगतो, मला शाल नको."

"काय?"

"शाल नको, नारळ नको. मला अजून भांडी चालवायची हायत. पोरगं लहान हाय माझं."

"अहो लक्ष्याभाऊ, शालीचा आणि भांड्यांचा काय संबंध?"

लक्ष्याने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, आश्रमशाळेच्या हेडमास्तरला शाल दिली, नारळ दिला, 'तुमची सेवा आम्ही विसरणार नाय' बोलले. दुसऱ्या दिवशी आला का तो? ग्रामसेवकाला दिली. आला? तलाठ्याला दिली, तो तं त्याच संध्याकाळी सामान घेऊन गेला. आमच्याकडे ज्याला शाल पडली तो घरी बसला. तुम्ही काकड्याला काढला, लाडकीला काढली, शुक्राला काढला. लोक बोलतात, पाळक शहरातून नवीन माणसं आणणार."

सुनिल ताडकन उठले. कमर पुन्हा वाजली, पण ती ऐकायला ते थांबले नाहीत.

काकड्याचं घर ओढ्यापलीकडे होतं. तिथे पोचले तर सारी मंडळीच अंगणात बसलेली. लाडकी, शुक्रा, नितीन, पाणीवाल्या बायका, आणि मधोमध बाजेवर बायजी. उद्या अधीक्षक साहेबांपुढे गाऱ्हाणं कसं मांडायचं, याची चर्चा चालली होती. 

"काकड्याभाऊ," सुनिल धापा टाकत म्हणाले, "तुम्हाला कोणी काढलेलं नाही."

काकड्या ओट्याच्या कडेला उभा होता. त्याला ते पटकन समजलं नाही. "नाय काढलं?"

"नाही हो! कोणालाच नाही."

"मग आभार कशाला मानले?"

"चांगलं काम करता म्हणून."

काकड्याने हे मनात फिरवून पाहिलं. "काम चालू असताना?"

"हो."

"काम चालू असताना आभार मानले?" त्याने पुन्हा विचारलं. "साहेब, मी रात रात विचार करत होतो, आपलं काय चुकलं. एकदा पावसात ओढ्याला पाणी होतं, घंटेला उशीर झाला होता. मला वाटलं, ते तुमच्या मनात राहिलं."

सुनिलना त्याच्याकडे पाहवेना. ते जाऊन त्याच्या ओट्यावर बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या ओट्यावर ते पहिल्यांदाच बसत होते. आजवर त्यांनी काकड्याला रस्त्यावरूनच हाक मारली होती.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मला वाटलं, आभार मानले की माणसं जवळ येतात."

"आभार परक्याचे मानायचे, बाबा," बायजी बाजेवरून म्हणाली. "रस्ता दाखवला, पाणी पाजलं, आभार मानले, तो त्याच्या वाटंनं गेला. घरच्या माणसाचे कोण मानतं? उद्या मी सुनेला बोलली 'आभार', तं ती लुगडी बांधून माहेरी जाईल."

"मग घरच्या माणसाने चांगलं केलं तर तुमच्यात काय करतात?"

"त्याच्याकडे जायचं. बसायचं. देईल ते खायचं."

"आणि मग?"

"मग काय? मग घरी यायचं."

एवढ्यात काकड्याच्या बायकोने, रूपीने, कोरा चहा आणून दिला. सुनिलनी घोट घेतला. गवती चहा घातलेला, गूळ भरपूर. "वा, छान झालाय, मनापासून आ—" इथवर शब्द आले आणि अंगणातल्या सगळ्या माना वर झाल्या. रूपी घाबरून एक पाऊल मागे सरली. सुनिलनी तोंड मिटलं, उरलेला चहा एका दमात संपवला आणि कप पुढे केला.

"अजून थोडा आहे का?"

रूपीचा चेहरा उजळला. "हाय ना! टोपभर हाय!"

दुसरा कप पिऊन होईपर्यंत अंगणात निम्मी माणसं उरली होती. काकड्याने "किल्ली कुठाय?" एवढंच विचारलं आणि ती घेऊन ओढा ओलांडला. दुपारपर्यंत चर्चचं आवार सारवून झालं. सुनिलनी झाडलेलं सगळं काकड्याने पुन्हा झाडलं. लाडकी चुलीशी उभी राहून अशी ओरडत होती की प्राजक्ताला बऱ्याच दिवसांनी हायसं वाटलं. "पाळकीणबाई, तुम्ही बसा तिकडे," लाडकीने तिलाही दटावलं, "ही कळशी अशी धरतात काय?"

रविवारी सूर्य वर येतो न येतो तोच रूळ खणाणला. काकड्या त्या दिवशी थांबायलाच तयार नव्हता. पलीकडच्या पाड्यावरची माणसंही जागी झाली. अधीक्षक साहेबांची जीप ओढ्याशी आली तेव्हा चर्चपुढे नव्या भाताच्या पेंढ्यांची कमान होती, वेदीपुढे भोपळ्यांचा ढीग होता आणि शुक्राची ढोलकी रंगात आली होती. साहेब भारावून गेले. सुनिलच्या सुजलेल्या गालाकडे पाहून त्यांनी "दात का?" असं हळूच विचारलं, आणि ते पुढे बसले.

उपदेश झाला, दान झालं, सगळं सुरळीत झालं. मग साहेब दोन शब्द बोलायला उठले.

"पाळक सुनिल ओहोळ यांनी या दुर्गम भागात इतकी वर्षं जी सेवा केली," ते म्हणाले, "ती कोणी विसरू शकणार नाही."

सुनिलना पुढचं दिसायला लागलं. त्यांनी मान जोरजोरात हलवली. साहेबांना तो विनय वाटला.

"त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच," साहेब म्हणाले, आणि पिशवीतून घडी केलेली शाल काढली. मागोमाग नारळ निघाला.

 मग लाडकी उभी राहिली.

"नाय!"

साहेबांचा हात शालीसकट हवेत राहिला.

"नाय म्हंजे नाय!" लाडकी म्हणाली. "आमचा पाळक नाय न्यायचा. ओरडतो, कामाला लावतो, सगळं खरं. पण माझ्या पोरीला शाळंत यानंच घातली. ती शाल ठेवा तुमच्या पिशवीत."

"अहो बाई, मी फक्त त्यांचा सत्कार—"

"आम्हाला माहीत हाय सत्कार!" शुक्रा ओरडला.

मग कोणाला धरबंद राहिला नाही. माझी म्हातारी आजारी होती तेव्हा यानेच मोटरसायकलवर दवाखान्यात नेली, असं एकजण सांगायला लागला. माझा नवरा गेला तेव्हा पाळकीणबाई माझ्याकडे मुक्कामाला होत्या, असं पाणीवालीने सांगितलं. नितीनने पंच कमिटीचा ठराव तोंडीच मांडला आणि तोंडीच मंजूर केला. काकड्या काही बोलला नाही. तो उठून दारात जाऊन उभा राहिला, पाळकांना कोणी उचलून नेऊ लागलं तर आडवं यायला. सुनिल खाली मान घालून ऐकत होते. त्यांच्या सुजलेल्या गालावरून पाणी ओघळत होतं. हे रडणं कशाचं, हे प्राजक्ताला या वेळी विचारावं लागलं नाही.

साहेबांनी शाल पिशवीत परत ठेवली. नारळ लाडकीने काढून घेतला, डाळीत घालायला.

पंगतीत साहेब सुनिलच्या शेजारी बसले होते. भात कालवता कालवता ते खालच्या आवाजात म्हणाले, "सुनिल, ही माणसं मनातलं ओळखतात काय?"

"का, साहेब?"

"अरे, डहाणूच्या चर्चला तुझी बदली करायची ठरवून आलो होतो मी. भाषण संपलं की जाहीर करणार होतो. शालीपर्यंत तर पोचलो होतो."

सुनिलचा घास हातातच राहिला. म्हणजे शालीचा अर्थ पाड्याला बरोबर कळत होता, नगरच्या आणि पुण्याच्या माणसांनाच तो कधी कळला नव्हता. त्यांनी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. प्राजक्ता रूपीच्या आणि लाडकीच्या मधे बसली होती, कसल्याशा गोष्टीवर तिघी हसत होत्या. तिने मान वर केली, साहेबांचा चेहरा पाहिला, नवऱ्याचा पाहिला, काय चाललंय ते ओळखलं आणि ठामपणे नकारार्थी मान हलवली.

"साहेब," सुनिल म्हणाले, "डहाणूला दुसरं कोणी पाठवा. मी इथेच राहतो. मला या लोकांची भाषा आत्ता कुठे कळायला लागलीय."

"आज मी आग्रह केला तर माझी जीप ओढ्यापलीकडे जाईल असं वाटत नाही," साहेब म्हणाले आणि लाडकीकडे अजून भात मागितला. लाडकीने त्यांना दोन डाव वाढला. तिचा राग बराच उतरला होता.

निघताना जीपमध्ये एवढं सामान चढलं की साहेबांना पाय ठेवायला जागा उरेना. मांडीवर भोपळा, बाजूला तांदळाची गोणी, मागे पाय बांधलेला कोंबडा. ते गहिवरले. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून जोडले.

"मंडळी, तुमचा फार फार आभारी आहे!"

सुनिलनी धसकून सगळ्यांकडे पाहिलं. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. लोक खुशीत हात हलवत होते. जीप ओढ्यात उतरली, पाणी उडवत पलीकडे चढली आणि झाडांआड गेली.

"हा बराबर बोलला," बायजी काठी टेकत म्हणाली. "निघताना बोलला."